झिको कोच म्हणून कसा होता? (आणि ती शेवटची सहा मिनिटं)

डावा_आऊट :

शनिवारी झोप येईना म्हणून २००६ च्या वर्ल्ड कपमधली जपान–ऑस्ट्रेलिया मॅच पुन्हा लावली. जपानचा कोच तेव्हा झिको, ब्राझीलचा जुना मोठा खेळाडू. निकाल पाठ आहे, तरी बघितली. दुखऱ्या दाताकडेच जीभ जाते, तसं झालंय माझं.

कैसरस्लाउटर्न, १२ जून, भर दुपारचं ऊन. २६ व्या मिनिटाला नाकामुराने उजवीकडून चेंडू आत टाकला, ताकाहारा आणि ऑस्ट्रेलियाचा गोली श्वार्झर एकमेकांत अडकले आणि चेंडू कुणालाही न लागता जाळीत गेला. तिथून ८४ व्या मिनिटापर्यंत जपान १-० ने पुढे. तोवर ऑस्ट्रेलियाच्या कोचने, हिडिंकने, केहिल, केनेडी, अलोइसी असे एकेक ताजे गडी आत सोडले होते. ऑस्ट्रेलियाचा खेळ आता एवढाच उरला होता, की उंच चेंडू टाकायचा आणि केनेडीच्या डोक्याकडे बघायचं. घरी बसून आपण ओरडतोय, अरे मागे माणूस घाला! झिकोने ७९ व्या मिनिटाला ओनोला आणलं. ओनो! मऊ पाय, देखणा खेळ, पण त्या धक्काबुक्कीत उपयोग शून्य. ८४ ला केहिल, ८९ ला केहिल, भरपाईच्या मिनिटांत अलोइसी. ३-१. झाला खेळ.

आता साडेनऊ वर्षं पुढे या. २० डिसेंबर २०१५, मडगावचं फातोर्डा स्टेडियम, आयएसएलची (इंडियन सुपर लीगची) फायनल. झिकोच्या गोव्यासमोर मातेराझी कोच असलेला चेन्नईयिन. ८७ व्या मिनिटाला होफ्रेची फ्री-किक आत जाते आणि गोवा २-१ ने पुढे. करंडकाला गोव्याच्या रंगाची फीत बांधायचीच बाकी होती. ९० व्या मिनिटाला गोव्याच्याच गोलीच्या हातून स्वयंगोल, आणि दोन मिनिटांत मेंडोझा. ३-२.

दोन्हीकडे कोच एकच. दोन्ही संघ बघायला गोड आणि दोन्ही संघांनी निजायच्या वेळी दाराला कडी घातली नाही. माझं म्हणणं असं, की झिकोला संघ उभा करता येत होता, खेळवता येत होता, पण मॅच मिटवता येत नव्हती. खेळाडू म्हणून तो देव होता यात वाद नाही. ब्राझीलसाठी ७१ सामन्यांत ४८ गोल, तेही मधल्या फळीतून. पण कोच म्हणून नावावरच खपला का?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आर्थर अँट्युनेस कोइंब्रा, जन्म ३ मार्च १९५३, रिओमधलं किंतिनो नावाचं साध्या लोकांचं उपनगर. तिथून ‘किंतिनोचा कोंबडा’ हे लाडाचं नाव. भावांपैकी अँट्युनेस आणि एडू हे दोघेही नावाजलेले खेळाडू. हा सगळ्यांत बारका, इतका काटकुळा की रिओच्या फ्लामेंगो क्लबने पोराला आधी अंगात मांस चढवायच्या कार्यक्रमाला लावलं. पुढे त्याच पोराने १९८१ ला लिबर्तादोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांचा करंडक, जिंकून दिला. चिलीच्या कोब्रेलोआविरुद्ध मोंतेविदेओला निर्णायक सामना २-० आणि दोन्ही गोल याचे. डिसेंबरात टोकियोला लिव्हरपूलला ३-० ने हरवलं.

बाकी तुम्ही लिहा. शिव्याही चालतील.

सई_म :

वाचतेय. ओनोबद्दल एक. मागचे दमले असतील तर चेंडू आपल्याकडे ठेवणं हाही बचावच की. ओनोला आणण्यामागे तोच विचार असणार. फसला हे खरं, पण विचारच नव्हता असं नाही.

ठाणे_फास्ट :

झिकोचं नाव काढलंत? १७ नोव्हेंबर २०१५. गोवा ७, मुंबई सिटी ०. दुदूची हॅट्ट्रिक, हाओकिपची हॅट्ट्रिक. मी मुंबईचा झेंडा घेऊन मडगावला गेलो होतो, दोन दिवसांची रजा टाकून. परतीच्या गाडीत समोरच्या बाकावरच्या आजोबांनी विचारलं, “कितीने?” मी म्हटलं, “पाऊस आला.” नोव्हेंबरात.

तर मॅच मिटवता येत नव्हती म्हणणाऱ्यांनी आधी आम्हाला विचारावं.

डावा_आऊट :

@ठाणे_फास्ट, ७-० ला मिटवायला काय उरतं? :)

जुना_गोली :

कोल्हापूरकर आहे, तेव्हा ब्राझीलबद्दल बोलणारच. आमच्या पेठेत त्या काळी निम्मी पोरं ब्राझीलची, निम्मी अर्जेंटिनाची, आणि वर्ल्ड कपात सख्खे भाऊ बोलायचे बंद व्हायचे.

८२ ची मॅच आम्ही पेपरातच वाचली. ८६ ची मात्र दूरदर्शनवर बघितली. २१ जून, रात्री साडेअकराला सुरू. ब्राझील–फ्रान्स, ग्वादालाहारा. देशपांड्यांच्या दारात चपलांचा ढीग, आणि त्यांची आई मधूनमधून येऊन म्हणायची, आवाज कमी. झिको बाकावर, कारण गुडघा. १९८५ च्या ऑगस्टात बांगू क्लबच्या मार्सियो नुनेसने त्याचा पाय असा काही छाटला होता की तो पुन्हा पहिल्यासारखा झालाच नाही. सत्तराव्या मिनिटानंतर आत आला आणि दुसऱ्या-तिसऱ्या स्पर्शालाच ब्रांकोला असा पास दिला की फ्रान्सचा गोली बात्सला त्याला पाडावंच लागलं. पेनल्टी! अंग गरमसुद्धा झालं नव्हतं बिचाऱ्याचं. मारली ती बात्सने अडवली. मग टायब्रेकरमध्ये ह्यानेच घातली, पण सॉक्रेटिस आणि ज्युलियो सेझार चुकले. संपलं. लोकांनी लक्षात काय ठेवलं? झिको पेनल्टी चुकला. पेनल्टी मिळवली कुणी, ते विसरले.

आता मुद्दा. डावा_आऊट, तुम्ही कडी न घालायचा दोष कोचला लावता. पण ५ जुलै १९८२ ला बार्सिलोनाच्या सारिया मैदानावर काय झालं ते आठवा. इटलीविरुद्ध ब्राझीलला नुसती बरोबरी पुरत होती. फाल्काओने ६८ व्या मिनिटाला २-२ केलं. झालं होतं काम! चेंडू फिरवत बसले असते तर सेमीफायनल. नाही बसले. पुढेच जात राहिले आणि ७४ व्या मिनिटाला रोसीने तिसरा घातला. त्या संघाचा दहा नंबर कोण? इटलीच्या जेंतिलेने अंगावरचा शर्ट फाडला तो कोण? झिकोच. तेव्हा कोच तेले सांताना होता. हे घराणंच तसं आहे. ख्याल गाणाऱ्याला तुम्ही विचारताय, की लवकर का आटपलं नाही.

डावा_आऊट :

काका, हे मला सुचलं नव्हतं. पण मग माझा आरोप उलट पक्का होतो ना? १९८२ ला जे स्वतः भोगलं तेच २००६ ला दुसऱ्यांना भोगायला लावलं.

इबाराकीकर :

थोडं लांबलचक लिहितो. चहा घेऊन बसा.

नोकरीनिमित्त सात वर्षं इबाराकी जिल्ह्यात काढली. काशिमा तिथून तासाभरावर. पॅसिफिकचा किनारा, सुमितोमो मेटल्सचा पोलादाचा कारखाना, धुरांडी, शेतं, आणि त्यांच्या मधोमध हे भलंमोठं स्टेडियम. बाहेर झिकोचा पुतळा. आमच्या कंपनीतल्या जेवणघरातली बाई मी भारतातला म्हटल्यावर कढीबद्दल विचारायची. भारतात झिको कोच आहे असं सांगितलं तेव्हा तिने ताटात एक कोरोक्के (तिथला बटाट्याचा कटलेट) जास्त वाढला.

हा माणूस १९९१ ला तिथे आला तेव्हा वय ३८. मधलं वर्षभर ब्राझीलच्या सरकारात खेळखात्याचा सचिव होता. ते सोडून कुठे आला? कारखान्याच्या संघात, तोही दुसऱ्या श्रेणीतला. खेळाडू दिवसा कामावर, संध्याकाळी सरावाला. जपानमध्ये व्यावसायिक लीग सुरू व्हायची होती आणि काशिमाने अर्ज केला, तर लीगचे प्रमुख कावाबुची साहेबांनी सांगितलं की ९९.९९९९ टक्के शक्य नाही. छत असलेलं १५,००० माणसांचं स्टेडियम असेल तर बघू. गावाने खरंच बांधलं! आणि तिथे काय बघायला मिळेल, तर झिको.

लीग सुरू व्हायच्या आधी संघ इटलीला सरावाला गेला, तिथे क्रोएशियाच्या राष्ट्रीय संघाकडून ८-१ मार खाल्ला. झिको भयंकर चिडला. हरण्यावर नव्हे, हरून खेळाडू शांत बसले यावर. १६ मे १९९३ ला काशिमाची पहिली मॅच, नागोयाविरुद्ध, म्हणजे इंग्लंडचा लिनेकर ज्या संघात होता तो. ५-०. जे-लीगमधली पहिली हॅट्ट्रिक, वय वर्षं ४०. पहिला टप्पाही काशिमाने जिंकला.

आणि हे सगळं कागदावर कोच नसताना. बूट कसे ठेवायचे, सरावाला किती आधी यायचं, दमल्यावर पास कुठे द्यायचा, इथपासून त्याने शिकवलं. समर्पण, प्रामाणिकपणा, आदर हे तीन शब्द ‘झिकोचा आत्मा’ म्हणून तो क्लब अजून सांभाळतो. २०१६ पर्यंत ८ लीग विजेतेपदं, त्याच वर्षी क्लब वर्ल्ड कपच्या फायनलला रेआल माद्रिदला जादा वेळेपर्यंत खेचलं. लोकसंख्या? आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी.

ठाणे_फास्ट :

आदर वगैरे ठीक. पण पेनल्टी मारायच्या आधी चेंडूवर थुंकलेला तो हाच ना?

इबाराकीकर :

हाच. १९९३ च्या हंगामाची फायनल, व्हेर्दी कावासाकीविरुद्ध. पेनल्टीचा निर्णय पटला नाही, व्हेर्दीचा मिउरा चेंडू ठेवून उभा, हा जाऊन थुंकला. लाल कार्ड. काशिमात हा विषय काढला की लोक हसतात आणि रेफरीबद्दल बोलायला लागतात. तीस वर्षं झाली तरी.

पण जपानच्या कोचपदाबद्दल माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं आहे, डावा_आऊट. त्याच्या आधी त्रूसिए होता. कडक मास्तर, तिघांची सरळ रेषेतली बचावफळी, कुणी कुठे उभं राहायचं ते इंचात ठरलेलं. झिकोने २००२ ला आल्या आल्या नाकाता, नाकामुरा, ओनो, इनामोतो या चौघांना एकदम मधल्या फळीत सोडलं आणि सांगितलं, तुमचं तुम्ही ठरवा. जपानी खेळाडूला हे ऐकायची सवयच नव्हती. काहींनी त्याचा अर्थ वेगळाच घेतला. २००४ च्या सुरुवातीला शिबिरातून काही जण रात्री गुपचूप गावात गेले. झिकोने त्यांना संघाबाहेर काढलं. त्याच सुमारास ओमानविरुद्ध जेमतेम शेवटच्या क्षणी १-० जिंकले, तेव्हा झिको हटाव म्हणत चाहते रस्त्यावर उतरले होते.

आणि त्याच २००४ च्या आशिया कपात काय झालं? चोंगचिंगला जॉर्डनविरुद्ध टायब्रेकर. नाकामुराचा पाय घसरला, चेंडू वर. दुसऱ्याचाही तसाच. कॅप्टन मियामोतो रेफरीकडे गेला आणि म्हणाला, जमीन खराब आहे, दुसऱ्या टोकाला घ्या. रेफरीने ऐकलं! मग गोली कावागुचीने एकामागून एक अडवल्या आणि जपान जिंकला. पुढे बीजिंगला चीनच्याच घरी फायनल, ३-१. त्रूसिएच्या संघातला कॅप्टन स्वतःहून रेफरीकडे गेला असता का? मला नाही वाटत. ‘तुमचं तुम्ही ठरवा’चं फळ ते हेच. २००६ च्या वर्ल्ड कपसाठी यजमानांखेरीज सगळ्यांत आधी पात्र ठरलेला संघही जपानच. तेव्हा एका मॅचवरून माणसाला फासावर देऊ नका.

सई_म :

मस्त प्रतिसाद. त्या पात्रता फेरीत भारतही होता बरं का. सैतामाला ७-०, आणि कोलकात्याला सप्टेंबर २००४ मध्ये ४-०. कोलकात्याला मध्यंतरात स्टेडियमचे दिवे गेले होते. माझे बाबा म्हणायचे, बरं झालं, तेवढा वेळ तरी गोल झाला नाही.

तुर्कस्तानबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. फेनरबाचे, २००६ ते २००८. कोच म्हणून त्याची सगळ्यांत चांगली दोन वर्षं हीच असं माझं ठाम मत. क्लबच्या शंभराव्या वर्षी लीग जिंकली. लोक ‘राजा आर्थर’ म्हणायचे. दुसऱ्या वर्षी चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी. सेव्हियाविरुद्ध घरी ३-२, तिकडे २-३, म्हणजे टायब्रेकर. गोली वोल्कानने सुरुवातीला दोन गोल अक्षरशः भेट दिले होते, आणि त्याच वोल्कानने तीन पेनल्टी अडवल्या. मग इस्तंबूलला चेल्सीला २-१. देइव्हिदने आधी स्वतःच्या जाळीत घातला आणि नंतर लांबून असा हाणला की ज्याचं नाव ते. परतीच्या मॅचला २-० हरले, पण डावा_आऊट, सेव्हियाला कडी घातली होती की नाही?

डावा_आऊट :

घातली, पण दोन खिडक्या फोडून घेतल्यावर.

बरं, मग २००८ नंतर काय झालं? ताश्कंद (बुन्योदकोर, लीग आणि कप दोन्ही), मॉस्को (सीएसकेए, रशियन कप, पण सप्टेंबरात नारळ), अथेन्स (ऑलिंपियाकोस, चार महिने), मग इराक, मग कतारचा अल-घराफा. पाच-सहा वर्षांत एवढी गावं. अडचणीच्या तहसीलदाराच्याही इतक्या बदल्या होत नाहीत.

सई_म :

इराकचं मात्र त्याच्या माथी मारू नका. ‘घरच्या’ मॅचेसही परदेशात खेळायच्या, आणि वर्ल्ड कपच्या पात्रता गटात समोर कोण तर जपान! सैतामाला १-० हरले. नोव्हेंबर २०१२ ला करार पाळला जात नाही म्हणून राजीनामा दिला. पगार थकल्यावर तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं.

रापणकार :

गोंयकार आहे, मराठी थोडी वेडीवाकडी असेल, सांभाळून घ्या.

झिको येणार अशी बातमी सप्टेंबर २०१४ ला आली तेव्हा आमच्या घरात पहिलं कोणी विश्वास ठेवला नाही. मामा म्हणाला, दुसरा कोणी झिको असेल. इथे प्रत्येक वाड्यावर एक झिको असतो, एक सॉक्रेटिस असतो. आमच्या गावचा पोस्टमन झिको आहे! पण खराच आला. ब्राझीलचा देव येतो आणि मडगावच्या म्हाताऱ्यांशी त्यांच्या जुन्या पोर्तुगीजमध्ये बोलू शकतो, हे दुसऱ्या कुठल्या संघाला मिळालं असतं? मामा पोर्तुगीज अमदानीत शाळेत गेलेला. स्टँडमधून पोर्तुगीजमध्ये ओरडायचा. खाली कायच ऐकू जात नव्हतं, पण मामाला बरं वाटायचं.

आता काम करण्याची परिस्थिती बघा. त्या काळची आयएसएल म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. दहा आठवडे, १४ लीग सामने. ईद-दिवाळीचं दुकान लावावं तसा संघ बांधायचा आणि ख्रिसमसपूर्वी मोडायचा. काशिमात जे केलं ते इथे कसं करणार? तरी पहिल्या वर्षी सेमीफायनल, कोलकात्याविरुद्ध दोन्ही मॅच ०-० आणि टायब्रेकरमध्ये हरलो. दुसऱ्या वर्षी गुणतक्त्यात पहिले. सेमीफायनलला दिल्लीत ०-१ आणि फातोर्ड्याला ३-०. दिल्लीचा कोच कोण? रोबेर्तो कार्लोस, फेनरबाचेत ह्याच्याच हाताखाली खेळलेला. असोळण्याचा रोमिओ फर्नांडिस ब्राझीलच्या अत्लेतिको परानाएन्सेला गेला तो याच काळात. असोळण्याहून ब्राझील! तुमच्या लक्षात येतं का हे आमच्यासाठी किती मोठं होतं?

तिसऱ्या वर्षी सगळ्यांत खाली, आठवे. ते लपवत नाही. पण २०१६ गोव्यासाठी असंही वाईटच वर्ष. धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग, तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. ज्या विहिरीतून पोरं यायची तीच आटली. याला झिको काय करणार?

आणि फायनलच्या त्या स्वयंगोलाबद्दल. कट्टीमणी आमचाच पोर. त्या रात्री त्याला लोक काय काय बोलले ते मी इथे लिहीत नाही. २० मार्च २०२२, तेच फातोर्डा, पुन्हा फायनल. तो आता हैदराबादचा गोली. केरळविरुद्ध टायब्रेकरमध्ये तीन पेनल्टी अडवल्या आणि करंडक नेला. मी टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवल्या. डावा_आऊट, गोलीच्या हातून चेंडू सुटतो तो कोचच्या कुठल्या वहीत लिहिलेला असतो?

डावा_आऊट :

रापणकार, तो गोल मी कोचच्या नावावरून काढून घेतो. पण त्यानंतरची दोन मिनिटं तशीच ठेवतो. २-२ झाल्यावर जादा वेळ खेळायची होती. तेवढं धरून ठेवायचं होतं. मेंडोझा मोकळा कसा राहिला?

जुना_गोली :

कारण आपली पोरं पुन्हा पुढे गेली होती. तिसरा घालायला. मी म्हटलं ना, घराणं.

इबाराकीकर :

काका, +१. आणि एक अवांतर. १९८३ ला उदिनेसेने त्याला घेतलं तेव्हा इटालियन महासंघाने आडकाठी केली, तर उदिनेचे लोक चौकात उतरले. घोषणा अशी, की झिको द्या नाहीतर आम्ही ऑस्ट्रियात जातो. सरहद्दीचा मुलूख तो! झिको मिळाला. पहिल्याच हंगामात १९ गोल, प्लातिनीचे २०. ज्या छोट्या गावात जाईल ते गाव याच्या प्रेमात पडतं. उदिने, काशिमा, मडगाव. मोठ्या राजधान्यांत मात्र टिकला नाही. म्हणून तर २०१८ ला पुन्हा काशिमानेच बोलावलं, तांत्रिक संचालक म्हणून, आणि त्याच वर्षी काशिमाने आशियाई चॅम्पियन्स लीग पहिल्यांदा जिंकली.

ठाणे_फास्ट :

रापणकार, तुमचे मामा फायनलला होते का? त्यांचं काय मत?

रापणकार :

होता. पळय, तेच सांगायचं राहिलं.

होफ्रेचा गोल झाला तसा मामा उठला. म्हणाला, आता संपलं, गर्दी व्हायच्या आधी स्कूटर काढतो. डिकीत फटाक्यांची मोठी माळ होती, दुपारीच मडगावच्या बाजारातून आणलेली. मी म्हटलं, तीन मिनिटं थांब. नाही थांबला. आम्ही नंतर बाहेर आलो तेव्हा गेटजवळ स्कूटर उभी, माळ रस्त्यावर पसरलेली, हातात पेटवलेली उदबत्ती. आतला आरडाओरडा त्याला वाटला गोव्याचा तिसरा. आमची तोंडं बघून त्याने काही विचारलं नाही. माळ गुंडाळली आणि डिकीत टाकली.

२०१९ ला भुवनेश्वरला सुपर कपची फायनल झाली, पुन्हा चेन्नईयिनच समोर. आम्ही २-१ जिंकलो. तेव्हा कोच झिको नव्हता, लोबेरा होता. मामाने शिट्टी वाजेपर्यंत खुर्ची सोडली नाही. मग माळ्यावरून तीच माळ काढली. तीन पावसाळे बघितलेली, पार सादळलेली. सात-आठच वाजल्या.